थांबा कुणाला विचारून बांधला?

मालवण किनारपट्टीच्या कुठल्याही रस्त्याने निघा, वाटेत प्रवासी निवारा शेड दिसतेच. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचा कट्टा आणि ती कोणाच्या निधीतून झाली ते ठळक अक्षरांत. गावाचं नाव असलंच तर त्याहून बारीक! पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच आणि पुढे दोन पायऱ्या. हेतू चांगलाच आहे. फक्त व्हीलचेअरवरच्या माणसाला पावसापासून निवारा मिळत नाही, तो पायऱ्यांखालीच राहतो.

कायदा याच्या विरुद्ध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो, आणि त्याच्या कलम ४१ मध्ये बसथांब्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली, त्यात दिव्यांगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी बोलून घ्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी घोडं अडलं होतं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेची मानकं नियमांमध्ये नुसत्या शिफारशीसारखी आली आहेत. ती सक्तीची करा, आणि तेही संबंधितांशी चर्चा करून. याचिकेपासून इथवर यायला १९ वर्षं गेली.

मापं पुस्तकात आहेत, मग विचारायचं कशाला, असं एखादा अभियंता म्हणेल. बारा फुटांना एक फूट चढ, व्हीलचेअर वळवायला दीड मीटर मोकळी जागा, हे खरंच लिहिलेलं आहे. पण एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते तेव्हा पुस्तक पुरत नाही. पदपथाची कड रस्त्याला सपाट मिळवली की व्हीलचेअर अलगद उतरते. तीच कड अंध माणसाच्या काठीला 'इथे रस्ता सुरू झाला' असं सांगत असते. ती गेली की तो नकळत वाहनांत जातो. दोघांना एकत्र बसवलं, तरच तोडगा निघतो: कड सपाट, पण तिच्या अलीकडे उठावाच्या फरश्या. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये या फरश्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब. आपल्याकडे मात्र कंत्राटदार पट्ट्या नि ठिपके शोभेसारखे लावून मोकळा होतो. मग या पिवळ्या फरश्यांची वाट थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते. कोकणात आणखी एक भर: गुळगुळीत फरशीवर श्रावणात शेवाळ धरतं आणि कुबडीचं रबर घसरतं. हे नकाशावर दिसत नाही. कुबडीवर चालणाऱ्याला ते पहिल्याच पावसात कळतं.

सायकल मार्गांची गोष्ट निराळी. सिंधुदुर्गात तो विषय आज चैनीचा वाटेल. पण किनाऱ्याच्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे जथे दिसू लागले आहेत आणि उद्या रुंदीकरणात वेगळी पट्टी मागितली जाईलच. ही पट्टी थांब्याच्या मागून न्यायची पद्धत लंडनमध्ये आहे. बसमधून उतरलेल्याला पदपथ गाठायला सायकलींची वाट ओलांडावी लागते. डोळसाला त्यात काही वाटत नाही. अंधाला मात्र सायकलचा आवाजच येत नाही. तिथल्या अंधांच्या संघटना या रचनेवर वर्षानुवर्षं आक्षेप घेत आल्या आहेत. डेन्मार्कमध्ये प्रवासी थेट सायकल पट्टीवर उतरत असेल तिथे सायकलस्वाराने थांबायचं, असा नियम आहे. न विचारता केलेल्या सोयीचं आपल्याकडचं उदाहरण खुंटांचं: मोटारसायकली पदपथावर घुसू नयेत म्हणून आपण ते ठोकतो. मुंबईत असे खुंट इतके जवळजवळ ठोकले गेले, की व्हीलचेअरच अडकली. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाच्या ईमेलवरून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खुंट ठोकण्याआधी त्यालाच विचारलं असतं तर?

एसटीचं काय? दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पण पहिलीच पायरी गुडघ्याएवढी असेल, तर सवलतीआधी दोन माणसांचे हात लागतात. शहरी बसगाड्यांच्या मानकांत ४०० मिलिमीटर उंचीचा तळ असलेली गाडी आहे, पण तसली गाडी आपल्या खेड्यांतल्या रस्त्यांवर चालवणं अवघड आहे, हे मान्य. गाडी बदलत नसेल तर थांबा तरी बदलता येतो. कोणती गाडी आली हे अंधाला सांगणारं कोण? सध्या शेजारचा 'कणकवली इली' म्हणून ओरडतो. मग बहिऱ्याने काय करायचं? त्याच्यासाठी फलकावरची अक्षरं मोठी हवीत.

विचारायचं कोणाला, हा प्रश्न सिंधुदुर्गात पडू नये. 'चाकाची खुर्ची' लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्याच संस्थेचा स्वप्ननगरी हा काजूप्रक्रियेचा प्रकल्प याच जिल्ह्यात दिव्यांगांच्या हातांनी चालला. थांब्याचा नकाशा तपासायला यांच्याहून जाणकार माणसं कुठून आणायची?

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो, आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच. गावातल्या दिव्यांगांना त्या सभेत आणा. सभा उंच जोत्याच्या सभागृहात नको, खाली मांडवात घ्या. पुढच्या शेडचा नकाशा मंजूर होण्याआधी त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांचं म्हणणं ठरावात लिहून घ्या.