रेनीन–अँजिओटेन्सीन तंत्र

पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरातील रक्तदाब आणि लवण व पाणी यांचे प्रमाण टिकवून धरणारी हॉर्मोन यंत्रणा. वृक्कात (मूत्रपिंडात) तयार होणारे रेनीन हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) आणि त्याच्या क्रियेमुळे रक्तात निर्माण होणारे अँजिओटेन्सीन हे हॉर्मोन यांवरून तिला हे नाव मिळाले आहे. तंत्रिका तंत्रामार्फत (मज्जासंस्थेमार्फत) होणारे रक्तदाबाचे नियमन काही सेकंदांत घडते; या तंत्राचा प्रभाव काही मिनिटांत सुरू होतो आणि कित्येक दिवस टिकू शकतो.

इतिहास : सशाच्या वृक्काचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला असता रक्तदाब वाढतो, असे रॉबर्ट टिगरस्टेट व पेर बेर्गमान यांना स्टॉकहोम येथे आढळले. अर्कातील क्रियाशील द्रव्याला त्यांनी १८९८ मध्ये ‘रेनीन’ हे नाव दिले. परंतु हा शोध दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या वृक्क रोहिण्या चिमट्याने अंशतः आवळून टिकाऊ उच्च रक्तदाब निर्माण केला. त्यानंतर १९४० च्या सुमारास अमेरिका व अर्जेंटिना येथील दोन गटांनी रक्तात तयार होणारे दाबवर्धक द्रव्य स्वतंत्रपणे शोधले. त्यांनी त्याला दिलेल्या दोन वेगवेगळ्या नावांचा मेळ घालून १९५८ मध्ये ‘अँजिओटेन्सीन’ हे नाव रूढ करण्यात आले.

कार्यपद्धती : वृक्कातील केशिकागुच्छाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणिकेच्या (सूक्ष्म रोहिणीच्या) भित्तीतील विशिष्ट कोशिका रेनीन स्रवतात. रोहिणिकेतील दाब घटणे, वृक्कनलिकेतील द्रवात लवण कमी होणे आणि अनुकंपी तंत्रिकांचे उद्दीपन ही स्रवणाची तीन प्रमुख कारणे होत. यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनापासून रेनीन १० ॲमिनो अम्लांचा तुकडा वेगळा करते (अँजिओटेन्सीन–१). मुख्यत्वे फुप्फुसांतील केशिकांच्या अस्तरावर असलेले रूपांतरक एंझाइम त्यातून आणखी २ ॲमिनो अम्ले काढून टाकते व ८ ॲमिनो अम्लांचे प्रभावी अँजिओटेन्सीन–२ तयार होते. त्यामुळे रोहिणिका आकुंचित होतात, तहान वाढते आणि अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून आल्डोस्टेरोन हे हॉर्मोन स्रवते. आल्डोस्टेरोनामुळे वृक्क सोडियम राखून ठेवतात व त्याबरोबर पाणीही शरीरात राहते. दाब पूर्ववत झाला की रेनिनाचा स्राव आपोआप मंदावतो. याच्या उलट कार्य करणारे हॉर्मोन हृदयाच्या अलिंदांत असते; त्याच्या अर्काने उंदरांत मूत्रावाटे सोडियम अधिक प्रमाणात बाहेर टाकले जाते, असे १९८१ मध्ये दिसून आले. [→ हॉर्मोने].

जखमेतून रक्त गेलेला, अतिसाराने शुष्क झालेला अथवा ज्याच्या चाऱ्यात मीठ अत्यल्प आहे असा प्राणी तग धरू शकतो, तो मुख्यतः या यंत्रणेमुळे.

विकृती : वृक्काला केवळ स्वतःकडे येणाऱ्या रक्ताचा दाब कळतो, सर्व शरीरातील दाबाचे ज्ञान त्याला नसते. त्याची रोहिणी अरुंद झाल्यास शरीरातील रक्त पुरेसे असूनही रेनीन स्रवत राहते व रक्तदाब वाढत जातो. गोल्डब्लॅट यांच्या प्रयोगाचा अर्थ हाच होता. हृदय दुर्बल झाल्यावरही वृक्काकडे कमी रक्त पोहोचते. मग साठलेले लवण व पाणी आणि आकुंचित रोहिणिका यांचा भार मूळच्याच दुर्बल हृदयावर पडतो. मांजरात वृक्काचा जुनाट विकार, अवटू ग्रंथीची अतिक्रिया किंवा आल्डोस्टेरोन स्रवणारे अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुद (गाठ) यांमुळे रक्तदाब वाढतो. पुष्कळदा दृष्टिपटल सुटून मांजर एकाएकी आंधळे होते, तेव्हाच हा विकार प्रथम लक्षात येतो.

उपचार : बोथ्रॉप्स जराराका या ब्राझीलमधील सर्पाच्या विषातील काही पेप्टाइडे रूपांतरक एंझाइमाला रोधतात. १९६५ मध्ये सेर्झिओ फेरेइरा यांनी या विषावर केलेल्या संशोधनातून पुढे कॅप्टोप्रिल हे औषध निर्माण झाले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. याच वर्गातील एनालाप्रिल कुत्र्यांच्या हृद्‌विकारात वापरतात. मात्र शरीरातील पाणी घटलेल्या प्राण्याला अशी औषधे जपून द्यावी लागतात; कारण अशा वेळी रक्तदाब ज्या यंत्रणेच्या आधारावर टिकून असतो, तीच यंत्रणा ही औषधे बंद पाडतात.