महाडला निघताना महाबळेश्वरचा पाऊस बघा

पावसाळा आला की मुंबई-गोवा बाइक ट्रिपचे प्लॅन सुरू होतात, आणि दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती, मग महाडला अडकलो कसे?" या भागात त्याचंच उत्तर शोधलं होतं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतोय. बोललो तसंच, फक्त थोडं आवरून.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून साधारण १७० किलोमीटरवर महाड, पुढे वीसेक किलोमीटरवर पोलादपूर. इथली मुख्य नदी सावित्री. तिचा उगम महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून जास्त उंचीवर. तिथून ती थेट खाली उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. गंमत अशी की जवळपास सगळा उतार पहिल्या टप्प्यातच संपतो. महाडला पोचेपर्यंत जमीन सपाट झालेली असते. वरून पाणी धावत येतं, पण खाली त्याला पुढे ढकलायला उतारच उरत नाही. त्यात महाडलाच गांधारी नदी सावित्रीला मिळते.

म्हणून महाडमध्ये तुमच्या हेल्मेटवर किती पाऊस पडतोय, याला फारसा अर्थ नाही. घाटमाथ्यावर काही तासांपूर्वी किती पडला, यावर सगळं ठरतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लॅग म्हणतात. डॅशबोर्ड हिरवागार दिसतो, आणि मागे सर्व्हर केव्हाच झोपलेला असतो.

२२ जुलै २०२१ चं उदाहरण घ्या. २३ जुलैच्या सकाळी महाबळेश्वरला २४ तासांत तब्बल ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा किती मोठा? एक चौरस किलोमीटर जागेवर एवढा पाऊस पडला तर पाणी होतं ५९ कोटी ४० लाख लिटर. आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. यातलं पश्चिम उतारावरचं पाणी खाली कोकणातच येणार. पण खरी मेख पुढे आहे. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतं. म्हणजे हा आकडा जाहीर झाला तोवर महाड शहर पाण्याखाली गेलेलं होतं. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. कालच्या आकड्यावर आजची राइड ठरवू नका, हे त्यासाठी सांगतोय. जमीन किती भिजली आहे ते कालच्या आकड्यावरून कळतं. आज काय होणार त्यासाठी आजचा इशाराच बघावा लागतो.

आता दुसरी बाजू, समुद्राची. खाडीत भरती चढली की नदीचं पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही, ते मागे तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा हा अडथळा आणखी मोठा. २०२१ ची गुरुपौर्णिमा होती २४ जुलैला, म्हणजे पुरानंतर दोनच दिवसांनी. ज्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल गेला, ती २ ऑगस्ट २०१६ ची रात्र तर अमावास्येची. पूल भरतीमुळे पडला असं मी म्हणत नाही. पण कोकणातला माणूस पावसाबरोबर तिथीही बघतो, त्यामागे हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दिवसात दोनदा. खाडीत आतवर भरती पोचायला त्याहून थोडा उशीर लागतो.

तिसरी गोष्ट बाइकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. महाड-पोलादपूर ही एक वाटी आहे. दक्षिणेला कशेडी, पूर्वेला महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी आणि भोरकडे जाणारा वरंधा. तिन्ही घाट. कशेडीला आता बोगद्याचा पर्याय आला, पण पलीकडे खेड-चिपळूण आहे, आणि २०२१ मध्ये त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं होतं. उत्तरेला मुंबईची वाट सपाट, म्हणून तिथे पाण्याची भीती. ज्या पावसाने नदी चढते त्याच पावसाने दरडी सुटतात, त्यामुळे हे रस्ते एकामागून एक नाही, जवळपास एकाच वेळी बंद होतात. "पुढे जाऊन बघू, नाहीतर मागे फिरू" हे बाकी ठिकाणी ठीक आहे. इथे पुढे जाऊन बघेपर्यंत मागची वाट गेलेली असते. २०२१ मध्ये तळीयेला बचाव पथकांनाच पोचायला उशीर झाला होता, तुमची आमची काय कथा!

मग निर्णय कुठे घ्यायचा? वाटीत शिरायच्या आधी. मुंबईहून येत असाल तर माणगावला. पुण्याहून ताम्हिणीने आलात तरी माणगावच. गोव्याहून परतत असाल तर कशेडीच्या अलीकडे, खेडला. तिथे चहा घ्या आणि चार गोष्टी तपासा.

एक, हवामान खात्याचा इशारा. फक्त रायगडचा बघू नका, सातारा घाटमाथ्याचाही बघा. २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. दोन्हीपैकी कुठेही रेड अलर्ट असेल तर मुक्काम तिथेच. दोन, तिथी आणि भरतीची वेळ. तीन, घाट चालू आहे का, हे पोलिसांना किंवा समोरून येणाऱ्या एसटी आणि ट्रकच्या ड्रायव्हरला विचारा. नकाशाच्या ॲपवर रस्ता निळा दिसतो याचा अर्थ तो जागेवर आहे असा नाही. चार, उजेड किती उरलाय. अंधार पडायच्या आत पलीकडे पोचत नसाल तर निघू नका.

आणि तरीही रस्त्यावर पाणी दिसलंच तर? वाहत्या पाण्यात बाइक घालायची नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघ्याच्या खालचं वाहतं पाणीसुद्धा माणसाला पाडू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली डांबर आहे की खड्डा, हे दिसत नाही. इंजिनाचंही ऐका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या बाइकला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं म्हणजे दुरुस्तीचं बिल वाढवणं. ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकला दाखवा. पाणी वाढत असेल तर बाइक सोडा, तुम्ही वर चढा. मात्र उभ्या कापलेल्या डोंगराखाली थांबू नका, दरड तिथेच येते. मदतीसाठी ११२, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

शेवटचं. २०१६ ला तो पूल ब्रिटिशकालीन होता, दगडी कमानींचा. अंधारात तो वाहून गेल्याचं कुणाला दिसलं नाही आणि दोन एसटी बस नदीत गेल्या. बातमी पसरायच्या आत जवळच्या गॅरेजवाल्या माणसाने रस्त्यावर येऊन पुढच्या गाड्या थांबवल्या, म्हणून मागचे वाचले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला, तो भक्कम आहे. पण पावसात कुणी अनोळखी माणूस हात हलवून तुम्हाला अडवत असेल, तर हॉर्न वाजवून पुढे निघू नका. थांबा, काच वर करा, तो काय सांगतोय ते ऐका. गोवा कुठे पळून जात नाही.