असईचा हॅनोव्हरी कर्नल : अँथनी पोहलमन

मराठवाड्याच्या रणभूमीवरचे परदेशी सेनानी : लेखांक चौथा

मागच्या लेखांकात डी बॉयन या सेनानीने महादजी शिंद्यांसाठी कवायती कंपू कसे उभे केले ते आपण पाहिले. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले आणि पुढच्याच वर्षी डी बॉयनने शिंद्यांची चाकरी सोडली. कंपूंचा कारभार पेराँ या फ्रेंच सरदाराकडे गेला. त्याच्या हाताखालचा एक कंपू पुढे मराठवाड्यात येऊन इंग्रजांशी लढला. त्याचा कर्नल अँथनी पोहलमन हा या आठवड्याचा विषय.

पोहलमन मूळचा हॅनोव्हरचा. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. प्रशिया, सॅक्सनी, बव्हेरिया, हॅनोव्हर अशी ती वेगवेगळी राज्ये होती. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने पायदळाच्या कवायतीला जी शिस्त लावली तिचे अनुकरण सारा युरोप करत होता. हॅनोव्हरची गोष्ट आणखी निराळी होती, कारण इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच तिथलाही राज्यकर्ता होता. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीला हॅनोव्हरच्या दोन पलटणी भाड्याने मिळाल्या आणि १७८० च्या दशकात त्या मद्रासेकडे लढल्या. त्यांतल्याच एका पलटणीत पोहलमन सार्जंट होता. ती नोकरी सोडून तो शिंद्यांकडे आला आणि काही वर्षांत कर्नल झाला. १८०० मध्ये जयपूरच्या फौजेशी मालपुऱ्याला झालेल्या लढाईत त्याने आपला कंपू चालवला. त्याचे राहणे हिंदी सरदाराचे होते. जनानखाना, स्वारीला हत्ती आणि भोवती जांभळ्या पोशाखातले मोगल पहारेकरी, असे त्याचे वर्णन त्या काळच्या हकिकतींतून आले आहे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटले. १२ तारखेला अहमदनगरचा किल्ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाती गेला. महादजींचे वारस दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले तेव्हा निजामाच्या मुलखात होते. निजाम अली त्याच महिन्यात वारला होता, हैदराबादच्या गादीवर नवा निजाम सिकंदर जाह नुकताच बसला होता. मराठी फौज गोदावरी ओलांडून थेट हैदराबादेवर जाईल ही वेलस्लीची मोठी धास्ती होती, म्हणून तो गोदावरीच्या काठाकाठाने राक्षसभुवनकडे सरकला. हीच गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडला येते. शिंदे-भोसल्यांनी मात्र नदी ओलांडली नाही. ते उत्तरेकडे भोकरदनच्या बाजूला वळले आणि केळना व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असईजवळ त्यांचा तळ पडला. असई आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ मध्ये तो जिल्हा झाला तेव्हा आपला परतूर तालुकाही त्यातच गेला.

पोहलमनच्या हुकमतीत सुमारे १०,८०० कवायती पायदळ होते. त्यात त्याच्या कंपूखेरीज सरधन्याच्या बेगम समरूच्या आणि द्युपाँ या युरोपी अधिकाऱ्याच्या पलटणी होत्या. तोफा शंभराच्या आसपास होत्या, शिवाय हजारोंचे घोडदळ. २३ सप्टेंबरला वेलस्ली समोर आला तेव्हा त्याच्याजवळ कंपनीचे जेमतेम साडेचार हजार लोक होते. सोबतचे म्हैसूरचे व दोस्त मराठ्यांचे घोडदळ वेगळे. वाटाड्यांनी सांगितले, पुढे केळना नदीला उतार नाही. वेलस्लीने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि मध्ये उतार असलाच पाहिजे असे ताडले. तो तिथून पार झाला आणि मराठी फौजेच्या बगलेवर आला.

इथे पोहलमनचे कसब दिसते. दक्षिणेला तोंड करून उभ्या असलेल्या पलटणी त्याने फिरवून पूर्वेकडे तोंड करून उभ्या केल्या. केळनेपासून असई गावापर्यंत नवी रांग लागली आणि पुढे तोफा मांडल्या गेल्या. शत्रू चालून येत असताना हजारो माणसे आणि तोफांचे बैल फिरवायचे, रांग कुठे तुटू द्यायची नाही, हे वर्षानुवर्षांच्या कवायतीशिवाय होत नाही. मराठी फौजेला अशी हालचाल जमेल हे वेलस्लीच्या हिशेबात नव्हते. असई गावासमोर त्याची ७४ वी पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या.

तरी दिवस हातचा गेला. दौलतराव आणि रघूजी लढाई चालू असतानाच निघून गेले. एवढे मोठे घोडदळ निकराने तुटून पडलेच नाही. त्यातच गव्हर्नर जनरलने मराठ्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून आपल्याकडे बोलावले होते आणि अनेक जण कंपू सोडून गेले होते. पलटणी जुईपलीकडे मागे हटल्या, तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर होते. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही वेलस्ली आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेत असे.

पोहलमन बचावला आणि १८०४ मध्ये कंपनीच्याच चाकरीत एका पलटणीचा नायक झाला. त्याला एकट्याला दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही. तो पगारावर आला होता आणि असईच्या मैदानावर त्याने त्या पगाराचे चीज केले. दोष आहे तो महादजींनंतरच्या दरबाराचा. त्याने कवायत घेतली, तोफा ओतवल्या, पण त्या पलटणी चालवतील असे आपल्या मुलखातले अधिकारी घडवले नाहीत. हुकूम देणारे परके राहिले आणि धनी बदलणे त्यांना सोपे गेले. तोफांपाशी जे शेवटपर्यंत राहिले ते साधे गोलंदाज होते. लढायची धमक आणि शिकायची तयारी या मातीत होती याचा पुरावा त्यांनी दिला. असईचा इतिहास सांगताना वेलस्लीच्या आधी त्यांचा मान आहे.

पुढच्या लेखांकात : निजामाच्या फ्रेंच पलटणींचा सेनानी रेमंड आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई.