आगगाडीने बेटाची सफर

चहूबाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला मराठीत बेट म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला जजीरा म्हणता. हाच अरबी शब्द मराठीत आला आणि जंजिरा झाला. मुरुडजवळच्या समुद्रातील जंजिरा किल्ला तुम्हांला ठाऊक असेल. तेथे जायचे तर होडीत बसावे लागते. पण महाराष्ट्रात एक बेट असे आहे, की तेथे जायला होडी लागत नाही. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर रात्री मुंबईच्या गाडीत बसा, सकाळी तुम्ही त्या बेटावर असाल. ते सारे बेट लोकल गाडीने आणि बसने पालथे घालता येते. त्याचे नाव साष्टी.

हे नाव नवे वाटले ना? तेथील गावे मात्र तुमच्या ओळखीची आहेत : ठाणे, बोरिवली, अंधेरी, वांद्रे, कुर्ला. या बेटावर पूर्वी सहासष्ट गावे होती, त्यावरून साष्टी हे नाव पडले असे सांगतात. पलूसमधल्या कोणाचे काका, कोणाचे मामा तेथे नोकरीला असतील. आपण बेटावर राहतो, हे त्यांच्याही ध्यानात नसते. कारण पाणी आता पुलांखाली आणि इमारतींमागे लपले आहे. ते शोधत फिरणे, हीच आपली सफर.

सामान थोडेच घ्या. पाठीवर अडकवायची एक पिशवी पुरे. तिच्यात पाण्याची बाटली, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, छत्री आणि महाराष्ट्राचा नकाशा असू द्या. एकटे मात्र जाऊ नका. थोरल्या भावाला किंवा मामांना बरोबर घ्या.

पुणे आणि खंडाळ्याचा घाट मागे टाकून गाडी कर्जतला उतरते. तेथून बदलापूरपर्यंत उल्हास नदी रुळांच्या आसपासच असते. ही साधी नदी नाही. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ या नदीच्या पुरात अडकली होती. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. चारी बाजूंना पाणी आणि मध्ये गाडी! जवानांनी रबरी होड्यांतून सर्वांना सुखरूप बाहेर काढले.

हीच उल्हास नदी साष्टीला बेट बनवते. ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतात. मोठा फाटा पश्चिमेकडे वळून वसईच्या खाडीला मिळतो. लहान फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो. नदीने दोन हातांनी मिठी मारावी, तशी ती साष्टीला मिठी मारते. पश्चिमेला अरबी समुद्र आहेच.

कळवा स्टेशन मागे पडले की जागे राहा. गाडी एका पुलावर येते. खाली गढूळ पाणी आणि काठाला हिरवीगार खारफुटी दिसते. पूल संपला, की तुम्ही बेटावर आलात! १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिने होती. म्हणजे ती गाडी बेटावरच निघाली आणि बेटावरच थांबली. खाडीवर पूल बांधून रुळ कल्याणपर्यंत नेले, ते पुढच्या वर्षी, १८५४ साली. पुस्तकांत पहिल्या गाडीचे वर्णन नेहमी येते. या पुलाचे फारसे कोणी करत नाही. मला तर पुलाचेच जास्त कौतुक वाटते.

ठाण्याला उतरा. तुमची गाडी तेथे थांबत नसेल, तर दादरला उतरून लोकलने मागे या. स्टेशनाबाहेर घोडबंदरमार्गे बोरिवलीला जाणारी बस मिळते. उजव्या हाताची खिडकी पकडा. सुरुवातीला नुसत्या उंच इमारती दिसतील, कंटाळू नका. गायमुखापाशी डोंगर आणि खाडी अगदी जवळ येतात. डावीकडे झाडीने भरलेला डोंगर, उजवीकडे रुंद पाणी, पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर. पुढे घोडबंदर लागते. अरबस्तानातून आणलेले घोडे येथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. येथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३७ साली मराठ्यांनी त्यांच्याकडून साष्टी घेतली आणि १७७४ साली इंग्रजांनी ती मराठ्यांकडून घेतली. बेट लहान, पण त्याचा मोह सर्वांना होता.

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. सागरेश्वरच्या अभयारण्यात तुम्ही हरणे पाहिली असतील. येथे बिबटे आहेत. त्यामुळे रस्ता सोडून रानात शिरू नका. आतल्या बसने कान्हेरीला जा. डोंगराच्या काळ्या दगडात बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली शंभरावर लेणी येथे आहेत. सर्वांत जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कल्याणसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांनी ती कोरण्यासाठी दान दिले, असे तेथील लेख सांगतात.

मूर्ती तर पाहाच, पण दगडात खोदलेल्या पन्हळीही पाहा. पावसाचे पाणी त्यांतून घरंगळत लेण्यांजवळच्या टाक्यांत येते. समुद्राने वेढलेल्या बेटावर पिण्याचे पाणी आणायचे कोठून? खारे पाणी तर पिता येत नाही. भिक्षूंनी पावसालाच साठवून ठेवले. पुढे इंग्रजांनीही तेच केले, फक्त मोठ्या प्रमाणावर. याच डोंगरांच्या कुशीत त्यांनी १८६० साली विहार तलाव बांधून पूर्ण केला आणि मुंबईला नळाने पाणी दिले. या तलावाचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता लोकल गाडी. सकाळी आठ ते अकरा तिच्या वाटेला जाऊ नका. गर्दीत पाठीवरची पिशवी पोटाशी धरायची, ही तेथली रीत आहे. तुमचे स्टेशन येण्यापूर्वीच पुढच्या माणसाला विचारा, “उतरायचंय का?” तो नाही म्हणाला, तर वाट देईल. बोरिवलीहून विरारची धीमी गाडी घ्या. भाईंदर गेले की वसईची खाडी येते. ही साष्टीची उत्तर सीमा. पूल ओलांडताना मध्ये थोडी जमीन लागते, झाडे आणि घरे दिसतात, पुन्हा पाणी येते. ते पाणजू बेट. त्याच्या अंगावरून रात्रंदिवस गाड्या धावतात, पण तेथे स्टेशन नाही. गाड्या डोळ्यांसमोरून जातात आणि गावकरी नायगावला यायला होडीत बसतात, असेच तेथे वर्षानुवर्षे चालत आले. नायगावला उतरून परतीची गाडी घ्या.

राहिली दक्षिण सीमा. चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत दाराजवळ नको, खिडकीशी बसा. वांद्रे सुटले, की माहीम येण्यापूर्वी एक अरुंद खाडी लागते. ही मिठी नदी. विहार तलाव भरून सांडला, की ते पाणी मिठीत येते आणि येथे समुद्राला मिळते. पलीकडची मुंबई मुळात सात लहान बेटांची. माहीम हे त्यांतलेच एक. चौदाव्या शतकात जन्मलेले थोर विद्वान मखदूम अली माहिमी याच बेटावर राहत. माहीमहून वांद्र्याला तेव्हा होडीनेच जावे लागे. १८४५ साली येथे पक्का रस्ता बांधला गेला. त्याचा खर्च जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीने दिला होता.

लोक हळूहळू पाणी विसरले. मिठीच्या काठावर भराव पडले, पात्र अरुंद झाले, कचरा साठला, खारफुटी तोडली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या पलूसला सबंध वर्षातही एवढा पाऊस पडत नाही. त्याच वेळी समुद्राला भरती होती. नदीचे पाणी समुद्र घेईना, म्हणून ते घरांत शिरले. शेकडो माणसे दगावली.

हे कसे घडते, ते तुम्हांला नकाशाशिवायही समजेल. ब्रह्मनाळला येरळा नदी कृष्णेला मिळते. कृष्णेला पूर आला, की ती येरळेचे पाणी घेत नाही. मग येरळेला फुगवटा येतो आणि पाणी मागे शेतांत पसरते. कृष्णा जे येरळेला करते, तेच भरतीचा समुद्र मिठीला करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये भिलवडी, ब्रह्मनाळ ही गावे पाण्याने वेढली गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि आपल्या तालुक्याने दुःख पाहिले. ते काही दिवस आपली गावेही बेटेच झाली होती.

माहीमला उतरल्यावर पायी मागे या आणि रस्त्याच्या पुलावर उभे राहा. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवा. ओहोटीला गेलात, तर खाडीचे पाणी समुद्राकडे जाताना दिसेल. सहा तासांनी पुन्हा तेथेच या. आता तेच पाणी उलटे, जमिनीकडे चाललेले असेल.