सर्व्हर स्वतःचा की भाड्याचा? : एका व्यावसायिक निर्णयाची मीमांसा

व्यवसायाचे हिशेब, ग्राहकांच्या याद्या व संचित मजकूर ज्या संगणकावर साठविला जातो आणि जेथून तो इतर संगणकांस पुरविला जातो, त्यास ‘सर्व्हर’ अशी संज्ञा आहे. हा सर्व्हर स्वतःच्या कचेरीत ठेवावा, की ‘क्लाउड’ या नावाने मिळणारी सेवा भाड्याने घ्यावी, हा प्रश्न आज लहानमोठ्या सर्वच व्यवसायांपुढे उभा आहे. ग्रंथप्रकाशन व कोशनिर्मिती हे आमच्या विद्याशाखेच्या निकटचे व्यवसायही त्यास अपवाद नाहीत. किंबहुना जुळणी केलेली पुस्तके, शब्दसंग्रह आणि ध्वनिमुद्रणे हेच ज्यांचे भांडवल, त्यांना या निर्णयातील चूक सर्वाधिक महाग पडावयाची. म्हणून प्रकाशनव्यवसायाचे उदाहरण पुढे ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. संज्ञेविषयी थोडेसे

‘क्लाउड’ म्हणजे मेघ. संगणकजालाच्या आराखड्यात ज्या भागाच्या अंतर्रचनेशी आराखडा काढणाऱ्यास कर्तव्य नसे, तो भाग ढगाच्या आकृतीने दाखविण्याची रूढी होती. तेथे काही नाही, असा त्या आकृतीचा अर्थ नव्हता. तेथे जे आहे त्याचा विचार तूर्त करावयाचा नाही, एवढाच होता. पुढे ही संज्ञा व्यापारात आली, तेव्हा त्यातील ‘तूर्त’ हा भाव गळाला आणि आपला मजकूर कोठेतरी अधांतरी, सर्व आपत्तींच्या पलीकडे सुरक्षित असतो, असा समज रूढ झाला.

वस्तुतः हा मेघ पूर्णपणे पार्थिव आहे. कोणाच्या तरी मालकीच्या इमारतीत, विजेवर चालणारी आणि सतत थंड ठेवावी लागणारी यंत्रे, असे त्याचे स्वरूप असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे परिसरात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबई परिसरात अशी केंद्रे ग्राहकांस खुली केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ साली या सेवेची जी व्याख्या केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत : मागताक्षणी स्वतःच घेता येणे, जालावरून सर्वत्र वापरता येणे, अनेक ग्राहकांत एकच साधनसंच वाटला जाणे, गरजेप्रमाणे त्वरित वाढविता वा घटविता येणे, आणि वापर मोजून आकार लावला जाणे. यांपैकी शेवटची दोन लक्षणे आपल्या निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत.

२. खर्चाचे गणित

लग्नकार्याची मोठी पातेली कोणी विकत घेत नाही आणि रोजचा तवा कोणी भाड्याने आणीत नाही. सर्व्हरच्या बाबतीतही मूलभूत न्याय हाच आहे. केवळ उदाहरणादाखल असे धरू, की एका यंत्राची किंमत, वीज, जागा व दुरुस्ती मिळून सहा वर्षांचा खर्च ६ लाख रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख रुपये येतो. (भारतीय कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य सहा वर्षेच धरले आहे.) तेवढ्याच शक्तीच्या यंत्राचे भाडे तासाला ४० रुपये आहे असे मानू. वर्षाचे तास ८,७६०. यंत्र अखंड चालविल्यास भाडे ३,५०,४०० रुपये होईल. उलट वर्षातून २,५०० तासच काम असेल, तर दोन्ही खर्च समसमान येतात. म्हणजे वर्षाच्या सुमारे साडेअठ्ठावीस टक्के वेळेहून कमी वापर असलेल्यास भाडे परवडते, आणि त्याहून अधिक वापर असलेल्यास मालकी.

परंतु हे गणित येथेच सोडले, तर ते फसवे ठरेल. यंत्राची निगा राखण्यास माणूस लागतो. त्याचे वार्षिक वेतन ६ लाख रुपये धरल्यास एका यंत्राचा मालकीचा खर्च एकदम ७ लाखांवर जातो, आणि अखंड वापर असूनही भाडेच निम्म्या खर्चाचे ठरते. मात्र अखंड चालणारी यंत्रे तीन झाली, की प्रत्येक यंत्रामागे वाचणारे सुमारे अडीच लाख रुपये ते वेतन भरून काढतात. तात्पर्य, कामाचा सातत्यभाव आणि कामाचा व्याप अशा दोन्ही कसोट्या एकत्र लावावयास हव्यात. यातही भाड्याच्या व्यवस्थेस मनुष्यबळ मुळीच लागत नाही, असे समजू नये; ते कमी लागते व निराळ्या प्रकारचे लागते.

दिवाळी अंकांची मागणी जालावरून घेणाऱ्या प्रकाशकाकडे वर्षातील तीनचार आठवडे गर्दी उसळते आणि एरवी सामसूम असते. त्याने त्या गर्दीपुरती यंत्रे वर्षभर बाळगणे म्हणजे लग्नाची पातेली घरात रचून ठेवणे होय. याच प्रकाशकाची पन्नास वर्षांच्या ग्रंथांची दफ्तरे मात्र दररोज तेवढीच असतात व कधी घटत नाहीत. एकाच व्यवसायातील दोन कामांना म्हणून दोन निराळी उत्तरे संभवतात.

३. मोठ्या व्यवसायांचा अनुभव

नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीच्या विदागारात ऑगस्ट २००८ मध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस तिला ग्राहकांस चित्रपटांच्या तबकड्या पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर तिने आपले कामकाज अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर नेण्यास आरंभ केला. ते स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पुरे झाले. प्रेक्षकसंख्या झपाट्याने वाढत असताना नवी यंत्रे विकत घेऊन मांडीपर्यंत थांबणे तिला परवडणारे नव्हते. परंतु याच कंपनीने प्रत्यक्ष चित्रफिती प्रेक्षकापर्यंत पोहोचविण्यासाठी २०१२ साली स्वतःच्या यंत्रांची व्यवस्था जाहीर केली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

ड्रॉपबॉक्सची वाट नेमकी उलटी. ग्राहकांच्या धारिका साठविणारी ही कंपनी आरंभी अ‍ॅमेझॉनच्या भांडारावर अवलंबून होती. ऑक्टोबर २०१५ पर्यंत तिने सुमारे नव्वद टक्के साठा स्वतःच्या यंत्रांवर आणला, आणि त्यामुळे २०१६ व २०१७ या दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरची बचत झाल्याचे तिने २०१८ च्या भागविक्रीच्या निवेदनात नमूद केले. साठा प्रचंड, वाढ अंदाजात येणारी आणि निष्णात मनुष्यबळ घरचे, असा तिन्हींचा योग तेथे होता. लहान व्यवसायाने यातील निष्कर्ष तेवढा उचलू नये. आपल्याकडे हा योग आहे काय, ते आधी पाहावे.

४. जे भाड्याने देता येत नाही

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरील कचेरीत एकमेव सर्व्हर ठेवणाऱ्या व्यावसायिकास ही तारीख पुरेशी बोलकी आहे. परंतु भाड्याच्या इमारतीही जळतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच या कंपनीचे एक केंद्र आगीत नष्ट झाले आणि ज्यांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती, अशा काही ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलकडील खासगी ‘क्लाउड’ सेवादात्याच्याच चुकीने पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीने दुसऱ्या एका सेवादात्याकडे प्रती ठेवल्या होत्या, त्यांची तो सावरण्यास मदत झाली. दुसरी प्रत दुसऱ्या स्थळी आणि दुसऱ्या हाती असावी, हा नियम मालकास व भाडेकरूस सारखाच लागू आहे.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात प्रक्रियेचे काम दुसऱ्याकडे सोपविले तरी मूळ व्यवसायाचे उत्तरदायित्व कायम ठेवले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये रकमांच्या देवघेवीची विदा भारतातच साठविण्याचा आदेश दिला. तेव्हा ढग कोठे आहे, हा प्रश्न केवळ रूपकाचा उरला नाही.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. भारतीय उद्योगांनी एकोणीसशे साठच्या दशकात आयबीएमची यंत्रे भाड्यानेच घेतली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने ती कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली, आणि त्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. तेव्हा यंत्रे निदान डोळ्यांसमोर तरी होती. आज भाडेपट्टा संपला तर आपला मजकूर कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व किती खर्चाने परत मिळेल, हे करारापूर्वीच विचारून लेखी घ्यावे लागते. एका सेवादात्याच्याच खास साधनांवर सर्व कामकाज बेतलेले असेल, तर मजकूर हाती येऊनही काम दुसरीकडे चालू होत नाही.

समारोप

सारांश, ‘क्लाउड की स्वतःचा सर्व्हर’ हा प्रश्न संपूर्ण व्यवसायास एकदाच विचारावयाचा नव्हे. तो प्रत्येक कामास स्वतंत्रपणे विचारावयाचा आहे. चढउताराचे, नवे, व्याप्तीचा अंदाज नसलेले काम भाड्याने चालवावे. अखंड व स्थिर काम, निगा राखण्याचे बळ असल्यास, स्वतःकडे आणावे; ते नसल्यास भाड्याने ठेवून वर्षातून एकदा वरील हिशेब पुन्हा मांडावा. मूळ मजकुराची एक संपूर्ण प्रत मात्र, खुल्या स्वरूपात व स्वतःच्या ताब्यात, कोणत्याही परिस्थितीत असावी. आणि ती उघडून वाचता येते, याची वेळोवेळी खात्री करून घ्यावी. शब्दसंग्रह व कोश सिद्ध करण्यात ज्यांची वर्षे जातात, अशा संस्थांनी तर या प्रतीचा खर्च कोशनिर्मितीच्या खर्चातच धरणे इष्ट होय.