मुळातला तडा आणि एक छोटे चित्र

इतवारीत किराण्याचे दुकान असलेल्या आमच्या थोरल्या काकांची खालची उजवी दाढ काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून, वर टोपी बसवून निकालात निघाली होती. गेल्या चातुर्मासात ती पुन्हा कुरकुरू लागली. ठणका नव्हता. मात्र घास विशिष्ट बाजूने दाबला गेला की क्षणभर कळ येई आणि हिरडीवर एक बारीक पुटकुळी उठून आपोआप फुटे. साध्या एक्स-रेत वावगे काही दिसेना. एका दंतवैद्यांनी रूट कॅनाल पुन्हा करावे असे सुचविले. दुसऱ्यांच्या मते दाढ काढून इम्प्लांट बसविणे श्रेयस्कर. दोन्ही सल्ल्यांचा आधार मात्र एकच होता: बोटभर लांबीची ती करडी फिल्म.

अशा तक्रारीमागे पुष्कळदा दाढेच्या मुळाला गेलेला उभा तडा असतो. रूट कॅनाल झालेला दात आतून पोखरलेला असतो, त्याच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि वर्षानुवर्षांच्या चावण्याने त्यातील एखादी भिंत उभी चिरत जाते. तडा गेलेले मूळ सांधून पूर्ववत करण्याचा भरवशाचा उपाय आजही उपलब्ध नाही. म्हणून निदान चुकले तर दोन्हीकडून नुकसान होते. तडा असताना रूट कॅनाल पुन्हा केले, तर पैसा आणि काही महिने वाया जातातच. शिवाय त्या काळात फटीतून शिरलेले जंतू भोवतीचे हाड झिजवीत राहतात आणि पुढे इम्प्लांटला धरायला हाडच पुरेसे उरत नाही. तडा नसताना दाढ काढली, तर चांगला दात हकनाक जातो.

नागपूरकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. आपले शहर सुपारीची मोठी बाजारपेठ आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणानंतर अडकित्ता फिरतो. तंबाखूच्या खर्‍याला नाके मुरडणारी मंडळीही भाजक्या सुपारीला व्यसन मानीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे, तो विषय स्वतंत्र लेखाचा. दातांपुरते बोलायचे तर, कठीण पदार्थ सतत चावणाऱ्यांमध्ये रूट कॅनाल न झालेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या दाढेच्या मुळालाही तडा गेल्याचे आढळते. काकांची गादीवर बसून सुपारी कातरण्याची सवय चाळीस वर्षांची.

साध्या एक्स-रेत हा तडा का दिसत नाही? एक्स-रे ही सपाट सावली असते. किरण फटीच्या अगदी सरळ रेषेत गेला तरच फट काळ्या रेघेसारखी उमटते. कोन थोडा सरकला की मुळाचा उरलेला भाग तिला झाकून टाकतो. त्यातच रूट कॅनालमध्ये भरलेला पदार्थ एक्स-रेत पांढराशुभ्र दिसतो आणि पलीकडचे सारे लपवितो. संत्रे बाहेरून कितीही न्याहाळले तरी आतल्या फोडींच्या सीमा कळत नाहीत. ते आडवे कापले की एका नजरेत कळतात. दातालाही असा आडवा छेद, न कापता, हवा असतो.

तो देणारे तंत्र म्हणजे कोन बीम सीटी, व्यवहारातले नाव सीबीसीटी. दंतचिकित्सेसाठी ते विसाव्या शतकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये विकसित झाले. रुग्ण बसलेला किंवा उभा असतो. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदाच, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत, फिरतो. वाटेत घेतलेल्या शेकडो प्रतिमांवरून संगणक दाढेचे त्रिमित रूप उभे करतो. इंजेक्शन नाही, काही गिळायचे नाही, उपाशी राहायचे नाही आणि उपवास असला तरी मोडायचे कारण नाही. काकांनी ‘पर्युषण होऊन जाऊ द्या’ म्हणून तीन आठवडे दुखणे अंगावर काढले, ते अनाठायी होते. चष्मा, कानातले, नथ आणि काढता येणारी कवळी तेवढी उतरवून ठेवावी लागते.

किरणांची धास्ती बऱ्याच घरांत असते, तेव्हा आकडे पाहू. पृथ्वीवर राहणाऱ्या माणसाला माती, हवा, आकाश यांतून वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतच असतो, म्हणजे दिवसाला सहा-सात. दाताचा साधा डिजिटल एक्स-रे काही थोडे मायक्रोसिव्हर्ट देतो. एका दाढेपुरता काढलेला सीबीसीटी साधारण वीस ते शंभरच्या दरम्यान, म्हणजे काही दिवसांच्या नैसर्गिक मात्रेएवढा. रुग्णालयातील डोक्याचा सीटी स्कॅन हजाराच्या पुढे जातो. विद्युतप्रवाह कमी ठेवून किंवा पूर्ण फेऱ्याऐवजी अर्धाच फेरा घेऊन ही मात्रा आणखी उतरविता येते. चित्र थोडे भरड होते, पण निदानाला पुरेसे राहील इतपत तडजोड करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

मात्रा कमी राखण्याचा सर्वांत सोपा मार्ग मात्र यंत्रात नसून आपल्या मागणीत आहे. ‘थोडे पैसे जास्त द्या, दोन्ही जबडे निघतील’ असे ऐकले की आपल्यातील व्यापारी सुखावतो. ठोक भावात माल घेण्याची सवय इथे उलट लागू पडते. क्षेत्र वाढले की किरण वाढतात आणि बारकावा बहुधा कमी होतो. तड्याच्या शोधासाठी चार-पाच सेंटिमीटरचे छोटे क्षेत्र आणि सर्वांत बारीक प्रत हीच योग्य मागणी होय. गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना आधी तसे सांगावे. अशा यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आवश्यक असते. ती पाहायला मागण्यात संकोच कसला?

आता या तंत्राची मर्यादा. यंत्र मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागापर्यंतचे तपशील टिपते. ताजा तडा त्याहूनही बारीक असू शकतो. शिवाय धातूची टोपी, आत बसविलेला खिळा, रूट कॅनालचे भरण यांमुळे चित्रात काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात आणि त्या हुबेहूब तड्यासारख्या दिसतात. केवळ अशा रेघेवर विसंबून दाढ काढली गेली, तर दोष यंत्राचा म्हणता येणार नाही. जाणकार रेघ शोधण्यापूर्वी हाड पाहतात: एकाच मुळालगत, एकाच बाजूला, उभे अरुंद हाड झिजले आहे काय? मग हिरडीत बारीक मोजपट्टी सरकवून तीच जागा तपासतात. इतरत्र दोन-तीन मिलिमीटरवर थांबणारी पट्टी तिथे एकदम आठ-नऊपर्यंत उतरली आणि चित्रही तेच सांगत असले, तर शंकेला जागा थोडी उरते. तरीही उरली, तर हिरडी किंचित उघडून, निळा रंग लावून मूळ प्रत्यक्ष पाहतात.

नागपुरात या विषयाच्या सल्ल्यासाठी दूर जावे लागत नाही. शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा मार्गावर खासगी दंत महाविद्यालये आहेत आणि दंत महाविद्यालयांत क्ष-किरण निदानाचा विभाग स्वतंत्र असतो. चित्र कुठेही काढले तरी छापील कागदावर समाधान मानू नये. संपूर्ण चित्रण सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावे, कारण दुसऱ्या डॉक्टरांना ते प्रत्येक कोनातून फिरवून पाहता येते आणि पुन्हा किरण घेण्याची वेळ येत नाही.

काकांच्या दाढेचे पुढचे मूळ तडकले होते. हाड तिथेच झिजले होते आणि पट्टीही तिथेच खोल गेली. मागचे मूळ निरोगी निघाले. दंतवैद्यांनी दाढ मधोमध विभागून पुढचा अर्धा काढला; मागच्या अर्ध्याला शेजारच्या दाताशी जोडून नवी टोपी बसविली. जेवण व्यवस्थित चालते. अडकित्ता अजून गादीशेजारीच असतो, पण काका आता बडीशेप खातात. सुपारी कातरून देतात ती फक्त गिऱ्हाइकांना, आणि त्यावरून घरात रोज वाद होतो.