सोन्याआधी पोलाद

निगडी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत खंडेनवमीला लेथ, प्रेस, सीएनसी मशिन पुसून त्यांना हार घालतात. कामाच्या हत्याराला मान देणारी ही रीत मानासाठीच घडवलेल्या शस्त्रांबद्दल मात्र वेगळा समज बाळगते. मिरवायच्या तलवारीवर नक्षी असते, खरे धातुकाम नसते, असे सर्रास मानले जाते. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार हा समज खोडून काढते. महाराष्ट्र शासनाने ती २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याची कोफ्तगिरी केलेली. आणि पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब.

यातली कोफ्तगिरी म्हणजे वरून दिलेला मुलामा नव्हे. पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून ते खरखरीत करतात, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात, मग तापवून अकीकाने घोटतात. रेघ उथळ पडली तर सोने धरत नाही, खोल गेली तर नक्षीची कड फाटते. पावडर कोटिंगआधी जॉब शॉट ब्लास्ट का करायचा, हे निगडीच्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. खरखरीत पृष्ठभागावरच थर धरतो, हे तत्त्व तेच आहे, फक्त इथे यंत्राऐवजी हाताचा अंदाज आहे. पातेच परदेशी, मग आपले कसब कुठले, असे कोणी विचारील. पण आयात पात्याला इथल्या पकडीची मूठ जोडणे, तोल साधणे आणि त्याच पात्यावर मालकाचा अधिकार कोरणे हे काम इथलेच होते. दूरचे पाते मिळवण्याची ऐपतही त्या मानाचाच भाग होती.

लढाईत सोन्याचा काय उपयोग, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. घानातल्या असांते दरबारातल्या राजतलवारींना तर धारही नसे. लाकडी मुठीवर सोन्याचा पत्रा मढवलेला असे आणि दूत अशी तलवार हाती घेऊन राजाच्या वतीने बोले. तिथे शस्त्राचे काम कापणे नव्हते, अधिकार पटवणे होते. तो पटायला बघणाऱ्याला कारागिरी ओळखता यावी लागते. अवघड काम कोणाकडून करवून घेता येते, यावरूनच सत्तेचा अंदाज बांधला जाई. म्हणून मानाच्या शस्त्राचे श्रेय ते मिरवणाऱ्याइतकेच घडवणाऱ्याचे आहे, आणि संग्रहालयाच्या फलकावर फक्त राजाचे नाव असेल तर माहिती अर्धीच राहते.